आजीचे जेवण आणि आजीची मिश्री

कृष्णाकाठ : 'आपल्या आज्यांना कर्करोग ठाऊक नव्हता, कारण त्या घाण्याचे तेल, ज्वारीची भाकरी आणि गूळ खात, साखर, मैदा व रिफाइंड तेल बंद करा, रोग उंबऱ्याबाहेर राहील' हा घाणाप्रेमी यांचा लेख चार जणांनी डोक्यावर घेतलेला पाहून राहवले नाही. माझी आजी नेमके हेच जेवत असे. त्याखेरीज ती चुलीवरच्या तव्यात तंबाखू काळी पडेपर्यंत भाजून, कुटून मिश्री करीत असे आणि रोज सकाळी ओसरीवर बसून ती बोटाने हिरड्यांना चोळत असे. गालाच्या आतला पांढरा चट्टा तिने 'दाताचे काहीतरी असेल' म्हणून दोन वर्षे अंगावर काढला. त्या लेखात तंबाखू हा शब्द एकदाही नाही. शिवाय पटकी, क्षय आणि बाळंतपण यांतून वाचून कर्करोगाच्या वयापर्यंत पोचणारी माणसे तेव्हा किती होती, याचाही विचार त्यात दिसत नाही.

घाणाप्रेमी : तंबाखू वाईट हे शेंबडे पोरही सांगेल; त्यासाठी लेख कशाला लिहायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेज, बेकन यांसारखे प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्या पंक्तीला, बसवले. आहाराचा संबंध नाही असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

कृष्णाकाठ : संबंध नाही असे मी कुठे म्हटले? तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. तंबाखूचा धोका कित्येक पटींत मोजावा लागतो. त्याच पहिल्या गटात मद्य आहे आणि आपल्या पानदानातली सुपारीसुद्धा आहे, तीही तंबाखूशिवाय, नुसती.

अडकित्ता : आता सुपारीही गुन्हेगार झाली! गणपतीच्या जागी जिची पूजा मांडतो, तिच्यावर परदेशी समित्यांनी शिक्का मारायचा आणि आपण माना डोलवायच्या? जेवणानंतर दोन खांडे चघळणे मी चाळीस वर्षांत चुकवलेले नाही आणि मला काहीही झालेले नाही.

दातकोरणे : पूजेतल्या सुपारीवर कोणाचाच आक्षेप नाही, ती तोंडात ठेवण्यावर आहे. मी दंतवैद्य आहे. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या आतली त्वचा तंतुमय होऊन ताठरते आणि जबडा उघडेनासा होतो. त्यांतल्या काहींना पुढे कर्करोग होतो. सुगंधी सुपारीच्या पुड्या खाणारा एकोणीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या तोंडात जेमतेम एक बोट जात होते आणि वरणभातही त्याला झोंबत होता. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पानमसाला आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या घेऊन माणसे हातावरच गुटखा तयार करतात. स्वतःच्या तीन बोटांची एकावर एक चळत दातांमध्ये उभी मावते का, ते ज्याने त्याने पाहावे.

सातवा मजला : सुपारीवरून भांडून झाले असेल तर थोडे माझे ऐका. माझ्या धाकट्या बहिणीने पान, दारू, बाहेरचे खाणे यांतले काहीही कधी केले नाही, तरी बेचाळिसाव्या वर्षी तिला स्तनाचा कर्करोग झाला. भेटायला येणारी प्रत्येक बाई 'मायक्रोवेव्ह वापरत होतीस का?' असे विचारून गेली. घाणाप्रेमी, तुमचा लेखही तिला कोणीतरी पाठवला होता. केमो चालू असताना तिने गुन्हा आठवत बसायचे का?

घाणाप्रेमी : तुमच्या बहिणीला दुखवण्याचा हेतू नव्हता, 'रोग उंबऱ्याबाहेर राहील' हे वाक्य मागे घेतो. परंतु भाज्या आणि गाजराचा अर्क यांच्या उपयुक्ततेबद्दल मी ठाम आहे.

कृष्णाकाठ : भाज्या अवश्य खाव्यात. अर्काचे मात्र जपून सांगा. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजार पुरुषांच्या चाचणीत गाजरातल्याच बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या देऊन पाहिल्या आणि १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा त्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला.

अडकित्ता : तीन बोटांचा प्रयोग करून पाहिला. अडीचच मावली. माझी बोटे जाड आहेत हे आधीच नोंदवून ठेवतो आणि समितीशी माझा मतभेद कायम आहे. केवळ घरच्यांच्या आग्रहास्तव सोमवारी दंतवैद्याची वेळ घेतली आहे.