गोजू-र्यू कराटे: सांचिनवर इतका भर का?

प्रश्न (पालक, धरमपेठ): माझी मुलगी नागपुरात गोजू-र्यू शैलीच्या कराटे वर्गाला जाते. तेथे सांचिन हीच काता (ठरावीक हालचालींचा क्रम) पुन्हा पुन्हा करून घेतली जाते, तर इतर वर्गांतील तिच्या मैत्रिणी स्पर्धांत उतरू लागल्या आहेत. सरांविषयी तक्रार नाही. परंतु ही शैली कुठून आली आणि तिचे ‘कठोर-मृदू’ तत्त्वज्ञान प्रत्यक्ष सरावात कुठे दिसते, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (सक्करदरा): या शैलीचे मूळ जपानच्या ओकिनावा बेटावरील नाहा या बंदरात आहे. तेथील कानर्यो हिगाओन्ना यांनी चीनमधील फूजो येथे जाऊन युद्धकलेचे शिक्षण घेतले आणि परतल्यावर नाहात शिष्य घडवले. त्यांपैकी चोजुन मियागी (1888–1953) यांनी ही विद्या पद्धतशीर मांडली. त्यांचे शिष्य जिनआन शिंझातो यांनी 1930 च्या सुमारास टोकियोत प्रात्यक्षिक दिले, तेव्हा शैलीचे नाव विचारले गेले आणि ते तर ठरलेलेच नव्हते, असा वृत्तान्त सांगितला जातो. त्यानंतर मियागी यांनी ‘बुबिशी’ या जुन्या चिनी संग्रहातील एका वचनावरून गोजू (म्हणजे कठोर-मृदू) हे नाव घेतले. श्वास घेणे आणि सोडणे यांत कठोर व मृदू दोन्ही आहेत, असा त्या वचनाचा आशय आहे. म्हणजे तुमच्या प्रश्नाचे उत्तर श्वासापासूनच सुरू होते.

उत्तर (महाल): वरील मुद्दा पुढे नेतो. सांचिनमध्ये पावले थोडीच असतात, पण पायांची बोटे किंचित आत वळलेली, गुडघे सैल वाकलेले, ओटीपोट आवळलेले आणि खांदे खाली ठेवलेले, अशा स्थितीत प्रत्येक ठोसा श्वासाबरोबर जातो. शिक्षक मध्येच खांद्यावर, पाठीवर, मांड्यांवर हात मारून पाहतात. शरीर हलले किंवा श्वास तुटला, की चूक लगेच कळते. हा झाला कठोर भाग. मृदू भागासाठी मियागी यांनी तेन्शो ही काता रचली. तीत उघडे तळहात वळत राहतात, पण पोटातील पकड सुटत नाही. दोन्ही एकत्र शिकल्याखेरीज हे तत्त्वज्ञान केवळ फलकावर राहते, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्ता: मग नव्या मुलांना सोप्या काता नाहीतच का?

उत्तर (महाल): आहेत. 1940 मध्ये मियागी यांनी गेकिसाईच्या दोन काता याच हेतूने रचल्या. मुलीच्या वर्गात त्या शिकवल्या जातात का, हे सरांना अवश्य विचारावे.

उत्तर (रेशीमबाग): मी आखाड्यात वाढलो, म्हणून एक जोडतो. गोजू-र्यूमध्ये चीइशी नावाचे साधन असते: लाकडी दांड्याच्या टोकाला दगड. आपल्याकडची गदा फिरवलेल्या माणसाला त्याचे तंत्र लगेच उमगते, कारण वजन मनगटावर नव्हे, तर कमरेवर पेलायचे असते. स्पर्धेचे गुण ठोसा व लाथेच्या अचूकतेवर आणि वेळेवर मिळतात. ही ताकद त्यामागची आहे. स्पर्धेत उतरण्यास हरकत नसावी, फक्त त्या हंगामात सांचिन थांबवू नये.