गेमिंग पीसीसाठी आईबाबांना कसं समजावू? सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ१६

नमस्कार. मी सांगलीत राहते, वय १६. यंदा दहावीला ८९ टक्के पडले, आता अकरावी सायन्स. गेली दोन वर्षं मला स्वतःचा गेमिंग पीसी हवा आहे. घरात संगणक नाही, मी बाबांचा जुना फोन वापरते. मिरजेला मामेभावाकडे गेले की त्याच्या पीसीवर व्हॅलोरंट आणि माइनक्राफ्ट खेळते. तिथेच ब्लेंडर, म्हणजे संगणकावर थ्रीडी वस्तू बनवायचं सॉफ्टवेअर, शिकायला लागले. आतापर्यंत एक खुर्ची आणि एक तांब्या-भांडं बनवलंय.

माझ्याकडे २३ हजार साठलेत. ओवाळणीचे, दहावीच्या बक्षिसांचे आणि सुट्टीत आत्याच्या झेरॉक्सच्या दुकानात मराठी टायपिंग केलं त्याचे. मला हवा तो पीसी मॉनिटरसकट ८५ हजारांपर्यंत जातो. बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतात. त्यांना आकड्यांची भाषा कळते म्हणून मी वहीची तीन पानं भरून सगळं मांडलं. त्यांनी शांतपणे वाचलं, बेरजेतली एक चूक दाखवली आणि "बघू" म्हणाले. आमच्याकडे "बघू" म्हणजे नाही. आई तर विषय निघाला की उठून आत जाते.

कसं समजावू? आणि पीसी नेमका कोणता घ्यावा, तेही सांगा.

टेबलफॅन

आधी एक धोक्याची सूचना. बजेट कमी पडतंय म्हणून ऑनलाइन दिसणारा "आय सेव्हन गेमिंग पीसी फक्त १८ हजार" अजिबात घेऊ नकोस. ती बहुतेक कंपन्यांतून निघालेली जुनी मशीन असतात. प्रोसेसर २०११-१२ सालचा, त्यावर जीटी ७१० किंवा ७३० सारखं नावापुरतं ग्राफिक्स कार्ड (खेळातली चित्रं तयार करणारा वेगळा भाग) आणि बाहेरून रंगीत दिवे. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते, ती या मशीनवर मिळत नाही. म्हणजे ज्या खेळासाठी घेतलं तोच विंडोज ११ वर सुरू होणार नाही.

तुझी यादी टाक, मग बोलू.

दोन_लेकरांची_आई

बाळा, एक विचारते. त्या तीन पानांत "मला खेळायचं आहे" असं कुठे लिहिलं होतंस का?

कृष्णाकाठ१६

नाही काकू. अभ्यास, कोडिंग, ब्लेंडर, पुढे इंजिनिअरिंगला उपयोग, असं लिहिलं होतं. गेम हा शब्दच टाळला.

त्याला कारण आहे. माझा चुलतभाऊ फोनवर पैसे लावून रमी खेळायचा. दीड वर्ष कुणाला पत्ता नव्हता. शेवटी काकांनी सोसायटीचं कर्ज काढून देणी फेडली. तेव्हापासून आमच्या घरात गेम म्हटलं की सगळे गप्प होतात. आईला आणखी एक आवडत नाही. मामेभावाकडे मी हेडफोन लावून खेळत होते आणि अनोळखी मुलांचे आवाज तिने ऐकले. ती काही बोलली नाही, पण तेव्हापासून मला मिरजेला एकटी पाठवत नाही.

दोन_लेकरांची_आई

मग तुझी तीन पानं भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होती. बाबांचा नकार ८५ हजारांना नाही, किंवा निव्वळ त्यांना नाही. भाऊ दीड वर्ष काहीतरी करत होता आणि घरात कळलं नाही, त्याला ते घाबरलेत. आणि तू त्यांच्यापुढे असा कागद ठेवलास ज्यात खरी गोष्ट लपवलेली आहे. आयुष्यभर दुसऱ्याच्या चोपड्या तपासणाऱ्या माणसाला न लिहिलेली रक्कम आधी दिसते.

माझ्या थोरल्याने नववीत असंच केलं होतं. "प्रोजेक्टसाठी लॅपटॉप." आम्ही घेऊन दिला. तो त्याच्या खोलीत, दार लावलेलं. खेळताना सापडला तेव्हा खेळाचं इतकं वाईट वाटलं नाही, पण त्यानंतर तो खरंच प्रोजेक्ट करत असला तरी आमचा विश्वास बसेना. दोघांनाही त्रास झाला. ते सुरळीत व्हायला वर्ष गेलं.

म्हणून पहिलं काम, नवा कागद करू नकोस. आईबाबा दोघं घरात असतील तेव्हा सांग की मी गेम हा शब्द मुद्दाम टाळला, मला खेळायला आवडतं, ब्लेंडरही खरंच आवडतं. दादाच्या बाबतीत काय झालं ते मला माहीत आहे, आणि तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते ते सांगा. मग तू गप्प बस. मध्ये "पण" घालू नकोस. त्याच दिवशी पीसी मागूही नकोस.

दुसरं, पैसे लावून खेळायचे खेळ आणि तू खेळतेस ते खेळ यांतला फरक त्यांना माहीत असेलच असं धरू नकोस. आपल्या पिढीला दोन्ही सारखेच दिसतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळण्यावर बंदी आहे आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता आहे. ही बातमी मराठी वर्तमानपत्रांत आली होती, ती शोधून बाबांना वाचायला दे. पण पूर्ण खरं सांग. व्हॅलोरंट फुकट असलं तरी त्यात बंदुकांच्या रंगरूपाला पैसे मोजता येतात, हेही तूच सांग. त्यांना दुसरीकडून कळलं तर सगळं मुसळ केरात जाईल.

फळा_आणि_खडू

तेहतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो आहे. दहावीला नव्वदच्या आसपास असलेली अनेक मुलं अकरावी सायन्सच्या पहिल्या चाचणीत पन्नाशीला येताना पाहिली आहेत. त्यात संगणकाचा दोष नसतो, अभ्यासक्रमाची उडीच तेवढी मोठी असते. पण घरात त्याच वर्षी पीसी आलेला असेल तर सगळं खापर त्यावर फुटतं. मुली, पहिलं सत्र होऊ दे. सहामाहीचे गुण दाखव आणि मग माग. गुणांची अट तूच पुढे कर, बाबांना ते आवडेल.

दोन_लेकरांची_आई

सर, थांबण्याबद्दल पटलं. गुणांच्या अटीबद्दल मात्र नाही. आमच्याकडे तीच अट होती. एका पेपरात सहा गुण कमी पडले आणि घरात महिनाभर धुसफूस. तो जेवायला यायचा नाही, मी संगणकाची वायर कपाटात ठेवायची. गुण काही वाढले नाहीत. तिच्या हातात जे आहे त्याचीच अट असावी. किती वाजता बंद करायचं, कुठे बसायचं, कुणाशी बोलायचं.

फळा_आणि_खडू

हे मान्य. गुणांची अट मागे घेतो. सहामाहीपर्यंत थांबण्यावर मात्र ठाम आहे.

टेबलफॅन

सरांचं थांबणं आणि तुझं बजेट, दोन्ही एकाच वाटेने जमतं. पीसी दोन हप्त्यांत घे. मी हप्ता म्हणतोय तो ईएमआय नव्हे. अर्धं मशीन सहामाहीनंतर, अर्धं पुढे कधीतरी.

पहिल्या हप्त्यात ग्राफिक्स कार्ड घेऊच नकोस. अंगचं ग्राफिक्स असलेला, म्हणजे ते काम स्वतःच करणारा प्रोसेसर घे. स्वस्तात रायझन ५ ५६००जी, थोडे जास्त पैसे असतील तर ८६००जी. पहिला एएम४ सॉकेटचा (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती खाच), दुसरा एएम५ चा. एएम५ घेतलास तर पुढे मदरबोर्ड न बदलता नवा प्रोसेसर टाकता येईल, एएम४ चा रस्ता जवळजवळ संपलाय. या दोन्हींवर व्हॅलोरंट आणि माइनक्राफ्ट व्यवस्थित चालतात. ब्लेंडरमध्ये मॉडेलिंग होईल, रेंडरला (मॉडेलचं अंतिम चित्र तयार व्हायला) वेळ लागेल, आणि शिकणाऱ्याला ते परवडतं. रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन कांड्या. अंगच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. एकच कांडी लावलीस तर खेळ अडखळतो. दुकानदार "नंतर दुसरी लावू" म्हणेल, ऐकू नकोस.

जिथे अजिबात काटकसर करायची नाही ती जागा म्हणजे एसएमपीएस, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), ५५० किंवा ६५० वॅटचा पहिल्याच हप्त्यात घे. कॅबिनेटबरोबर फुकट मिळतो तो घेऊ नकोस. तो गेला तर एकटा जात नाही, मदरबोर्डही घेऊन जातो. पुढे दोन-तीन वर्षांनी आरटीएक्स ४०६० च्या तोडीचं कार्ड घ्यावंसं वाटलं तर ते ११५ वॅटच खातं, हाच एसएमपीएस पुरेल.

सेकंडहँड कार्डाचा मोह होईल. त्या बाजारात आजही अशी कार्डं फिरतात जी २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत इथेरियम हे आभासी चलन खणायला (मिळवायला) रात्रंदिवस जुंपलेली होती. बिल आणि उरलेली वॉरंटी नसेल तर हात लावू नकोस.

भाव मुद्दाम लिहीत नाही. २०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव बघता बघता दुपटीच्या वर गेले, त्यामुळे जुन्या व्हिडिओतले आकडे वहीत उतरवून बाबांना दाखवू नकोस. सांगली-कोल्हापुरातल्या दोन दुकानांतून आणि जमलं तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या दुकानातून जीएसटीसकट लेखी कोटेशन घे. प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी असते, ती कोटेशनवर लिहून माग. हे काम बाबांवर सोपव. भावाची घासाघीस ते तुझ्यापेक्षा शंभर पटीने चांगली करतील.

वीजबिलाचं विचारतील. हे अंगच्या ग्राफिक्सचं मशीन खेळताना मॉनिटरसकट दीडशे वॅटच्या आत राहील. रोज दोन तास धरले तर महिन्याला साधारण ९ युनिट. पुढे कार्ड आल्यावर ३०० वॅट धर, १८ युनिट. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या पुढे दर वाढतो, पण फक्त वरच्या युनिटना, सगळ्या बिलाला नाही.

दोन_लेकरांची_आई

आणि टेबल हॉलमध्ये, स्क्रीन जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल अशी. म्हणूनच मी लॅपटॉपपेक्षा डेस्कटॉप बरा म्हणते. तो उचलून पांघरुणात नेता येत नाही. आईला आवाजांची काळजी आहे ना, तर तिला शेजारी बसवून व्हॉइस चॅट कसं बंद होतं, कुणाला म्यूट आणि रिपोर्ट कसं करतात ते दाखव. सुरुवातीला फक्त मामेभाऊ आणि ओळखीच्या मुलींबरोबरच बोलेन असं सांग आणि पाळ. मुलीचा आवाज ऐकला की काही जण वाटेल ते बोलतात, हे तुलाही माहीत असणार. असं झालं तर आईला सांगता आलं पाहिजे. तिने लगेच पीसी बंद करू नये, हे तिच्याशी आधीच बोलून ठेव.

रात्रपाळी

मी बंगळूरूत गेमसाठी थ्रीडी मॉडेल बनवायचं काम करतो, मूळचा जतचा. एवढंच सांगतो की "गेमिंगमध्ये करिअर आहे" हे कारण घरी देऊ नकोस. आहे, पण नोकऱ्या कमी आणि अस्थिर. तुझे बाबा चार ठिकाणी विचारतील आणि तुझं म्हणणं हलकं पडेल. त्यापेक्षा तो तांब्या दाखव. खरंच दाखव. घरातला तांब्या शेजारी ठेव आणि स्क्रीनवरचा फिरवून दाखव. माझ्या वडिलांना माझं काम काय ते मी आमच्या घराचा कडीकोयंडा मॉडेल करून दाखवला तेव्हा कळलं.

कृष्णाकाठ१६

सगळ्यांना उत्तर द्यायला अकरा दिवस लागले, माफ करा.

काकू, तुम्ही सांगितलं तसं बोलले. बाबा बराच वेळ गप्प होते. मग दादाबद्दल बोलले, जे माझ्यासमोर कधीच बोलले नव्हते. त्याच्या फोनचं बिल तेच भरायचे, आणि तरी आपल्याला कळलं कसं नाही, हे त्यांना अजून सलतं. मला रडू आलं. पीसीचा विषय मी काढला नाही.

चार दिवसांनी मामेभाऊ आला तेव्हा त्याच्या फोनवर माझा तांब्या दाखवला. आई म्हणाली, काठ नीट वळला नाही. तिचं बरोबर होतं, मी तो दुरुस्त केला. व्हॉइस चॅटचं अजून तिच्याशी बोलले नाही, हिंमत गोळा करतेय.

काल बाबांनी टेबलफॅनदादांचा प्रतिसाद दोनदा वाचला. एसएमपीएसला वॉरंटी किती वर्षांची असते, असं विचारलं. सहामाही झाल्यावर दिवाळीच्या सुमाराला बघू म्हणाले. हे "बघू" कसलं आहे ते मला अजून कळलेलं नाही. पण त्यांनी एक प्रश्न विचारायला सांगितलाय. आमचं घर तळमजल्यावर आहे. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा घरात कमरेएवढं पाणी होतं, २०२१ ला पुन्हा आलं. तेव्हा फ्रिज बुडाला. बाबा विचारताहेत, पाणी चढायला लागलं तर हे मशीन किती वेळात सुटं होतं आणि एका माणसाला जिना चढून नेता येतं का?

टेबलफॅन

बाबांना सांग, येतं. कार्ड नसलेलं कॅबिनेट साधारण सात-आठ किलोचं भरतं, तांदळाच्या पिशवीएवढं. मागच्या पाच-सहा वायरी काढायच्या, पाच मिनिटं पुरतात. मॉनिटर वेगळा न्यायचा. त्यासाठी मॉनिटरचा खोका आणि आतला थर्माकोल टाकू नका, माळ्यावर ठेवा. टेबल भिंतीत ठोकून पक्कं करू नका, आणि सुताराला सांगून कॅबिनेटसाठी जमिनीपासून फूटभर उंच फळी करून घ्या. यूपीएस घेतलात तर सगळ्यात जड तोच असतो आणि त्यात बॅटरी असते. आधी मेन स्विच बंद, मग यूपीएस बंद करून सगळं सोडवायचं, आणि कॅबिनेट पहिलं वर न्यायचं.

एसएमपीएसला चांगल्या कंपन्या पाच वर्षं देतात, काही मॉडेलना सात किंवा दहाही. बिल मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावर ठेवा.