खालच्या श्रेणीत खेळलेला खेळाडू पुढे मोठा प्रशिक्षक होऊ शकतो का? मारेक पापशून यांच्या कारकिर्दीविषयी

डिचोलीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गोव्याच्या फुटबॉल लीगमध्ये मी बरीच वर्षे बचावफळीत खेळलो, परंतु प्रो लीगमधील संघात जागा मिळवण्याइतकी मजल गेली नाही. गुडघ्याच्या दुखापतीनंतर खेळणे थांबले असून सध्या मी शाळेत शिकवतो. येत्या हंगामात गावच्या क्लबच्या संघाची जबाबदारी घ्यावी, असे मला सुचवण्यात आले आहे. मात्र क्लबच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी "जो स्वतः मोठ्या मैदानावर उतरला नाही, त्याचे मुले ऐकतील का?" असा प्रश्न केला आणि तो माझ्या मनातून जात नाही.

पोलंडमधील मारेक पापशून यांच्याविषयी मी थोडेफार वाचले आहे. तेही खालच्या श्रेणीतच खेळले, शिक्षक होते आणि पुढे त्यांनी आपल्या क्लबला देशाचे विजेतेपद मिळवून दिले. त्यांची वाटचाल नेमकी कशी झाली आणि आपल्याकडच्या छोट्या क्लबने त्यातून काय घ्यावे, हे जाणकारांनी सांगितल्यास फार मदत होईल.

मडगावचा प्रेक्षक

डिचोलीकर, आपण योग्य उदाहरण निवडले आहे. पापशून यांचा जन्म १९७४ मध्ये वॉर्सात झाला. खेळाडू म्हणून ते खालच्या श्रेणींतच राहिले, पोलंडच्या अव्वल श्रेणीत, म्हणजे एक्स्ट्राक्लासामध्ये, ते कधीच खेळले नाहीत. इतिहासाचे शिक्षक म्हणून नोकरी करत असतानाच त्यांनी प्रशिक्षणाची वाट धरली आणि राजधानीच्या आसपासच्या छोट्या क्लबांचे संघ सांभाळले. वोम्यांकी, लेगियोनोव्हो, नोव्ही द्वूर माझोव्हियेत्स्की ही त्या गावांची नावे आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानावरून गेली असतील. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा काळ हाच, कारण पुढे जे यश दिसले त्याची सगळी उमेदवारी त्यांनी इथे केली.

एप्रिल २०१६ मध्ये त्यांनी राकुव्ह चेन्स्तोहोवा या क्लबची सूत्रे घेतली, तेव्हा तो संघ तिसऱ्या श्रेणीत होता. चेन्स्तोहोवा हे यास्ना गुरा मठासाठी प्रसिद्ध असलेले तीर्थक्षेत्र. आपल्या जुन्या गोव्याला सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाच्या वेळी जशी गर्दी लोटते, तशी तिथे दरवर्षी पायी येणाऱ्या भाविकांची रीघ लागते. फुटबॉलसाठी मात्र त्या गावाचे नाव फारसे कुणी घेत नसे. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने १९९४ ते १९९८ अशी चारच वर्षे अव्वल श्रेणीत काढली होती.

२०१७ मध्ये पापशून यांनी संघाला दुसऱ्या श्रेणीत नेले. २०१८-१९ च्या हंगामात त्यांनी ती श्रेणी जिंकलीच, शिवाय त्याच हंगामातील पोलिश चषकात लेह पोझनान आणि लेगिया वॉर्सा या बलाढ्य संघांना बाहेर काढून उपांत्य फेरी गाठली. अव्वल श्रेणीत परतल्यावर पहिल्या हंगामात राकुव्ह दहाव्या स्थानी राहिला आणि त्यानंतर सलग दोन वर्षे उपविजेता ठरला. मे २०२१ मध्ये, म्हणजे क्लबच्या शताब्दीच्या वर्षी, आर्का ग्दिन्याविरुद्ध एका गोलने मागे पडूनही त्यांनी पोलिश चषकाचा अंतिम सामना २-१ असा जिंकला. पुढच्या वर्षी लेह पोझनानला ३-१ ने हरवून तो चषक राखला. २०२३ मध्ये इतिहासात पहिल्यांदाच राकुव्हने लीगचे विजेतेपद मिळवले. त्यानंतर पापशून यांनी पद सोडले, २०२४ मध्ये ते परत आले आणि २०२४-२५ च्या हंगामात अवघ्या एका गुणाने त्यांचे विजेतेपद हुकले.

यातली आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. अव्वल श्रेणीत पोहोचल्यावर राकुव्हचे स्वतःचे मैदान त्या श्रेणीच्या अटींत बसत नव्हते, म्हणून 'घरचे' सामने त्यांना बेऊहातुव्ह या दुसऱ्या गावी जाऊन खेळावे लागले. स्वतःच्या मैदानाचा आधार नसताना संघ टिकला, तो त्याच्या घडणीमुळे.

म्हापसेकर

वरील माहिती बरोबर आहे, तरी एक बाजू राहून गेली असे वाटते. राकुव्हचे मालक मिहाऊ श्व्येर्चेव्स्की हे संगणक आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या मोठ्या व्यवसायाचे संस्थापक आहेत. त्यांनी पैसा घातलाच, शिवाय दुसऱ्या श्रेणीतल्या पहिल्या हंगामात बढती हुकली असतानाही प्रशिक्षकाला हात लावला नाही. आपल्याकडे चार सामने हरल्यावर काय होते, हे म्हापशाच्या दुलेर मैदानावर नियमित येणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. त्यामुळे केवळ पापशून यांच्या गुणांवर बोट ठेवून प्रश्न सुटत नाही. क्लबने किती काळ दिला, हेही तितकेच मोलाचे आहे.

गोव्याच्याच धेंपो क्लबचे उदाहरण घ्या. आर्मांद कुलासो यांच्या हाताखाली धेंपोने २००५ ते २०१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि २००८ मध्ये आशियाई क्लबांच्या एएफसी चषकाची उपांत्य फेरी गाठली. एका प्रशिक्षकावर इतकी वर्षे विश्वास ठेवला नसता, तर ते घडले असते असे मला वाटत नाही.

ज्येष्ठ सभासदांच्या शंकेमागचे कारणही समजून घ्यायला हवे. आपल्याकडे डेरिक परेरा यांच्यासारखे भारतासाठी खेळलेले खेळाडू प्रशिक्षक झाले आणि महिंद्र युनायटेडला २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकून देऊन त्यांनी स्वतःला सिद्ध केले. क्लिफर्ड मिरांडा यांनी २०२३ मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप मिळवून दिला. अशी नावे डोळ्यांसमोर असताना लोकांनी नावाजलेल्या खेळाडूकडे आधी पाहावे, हे स्वाभाविक आहे.

फोंड्याचा माजी पंच

म्हापसेकरांचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु 'मोठा खेळाडू तोच मोठा प्रशिक्षक' हा समज पोलंडच्याच आणखी एका उदाहरणाने खोटा ठरतो. मात्सेय स्कोर्झा यांची खेळाडू म्हणून कारकीर्द फार लवकर आटोपली. प्रशिक्षक म्हणून मात्र त्यांनी विस्वा क्राकुव्हबरोबर दोनदा आणि लेह पोझनानबरोबर दोनदा पोलंडची लीग जिंकली आणि मे २०२३ मध्ये जपानच्या उरावा रेड डायमंड्सला अल हिलालविरुद्ध आशियाई चॅम्पियन्स लीगचे विजेतेपद मिळवून दिले.

आता मुद्द्याचे. पापशून यांचे संघ तीन मध्यबचावपटू घेऊन ३-४-३ अशा रचनेत, म्हणजे मागे तीन, मध्ये चार आणि पुढे तीन खेळाडू ठेवून, खेळतात. ही रचना कागदावर काढायला सोपी आहे, पण ती उभी राहते मधल्या चौघांपैकी दोन्ही कडांना धावणाऱ्या दोघांवर. चेंडू आपल्याकडे असताना त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या पेटीपर्यंत जायचे आणि तो गेल्याबरोबर मागे येऊन तिघांच्या रांगेत चौथे आणि पाचवे व्हायचे. आघाडीच्या खेळाडूमागचे दोघे बाहेर न राहता आत येतात, त्यामुळे चेंडू हरवला तरी दोन-तीन पावलांच्या अंतरावर कुणीतरी असतोच आणि लगेच दबाव टाकता येतो. आपल्या गावच्या सामन्यांत नेमके उलट घडते. बाजूचा बचावपटू वर जातो, चेंडू जातो आणि तो कमरेवर हात ठेवून पाहत उभा राहतो. पंच म्हणून मी हे चित्र सतत पाहिले आहे. ही सवय मोडायला प्रशिक्षकाने भारताचा गणवेश घातलेला असण्याची गरज नाही. तीच हालचाल तो सरावात पुन्हा पुन्हा, न कंटाळता करून घेतो की नाही, एवढाच प्रश्न आहे आणि शिक्षकाला ही चिकाटी धंद्यानेच शिकवलेली असते.

डिचोलीकर, आपण बचावपटू होता हेही आपल्या पथ्यावर पडेल, कारण मागून सगळे मैदान दिसते. प्रशिक्षक परवान्यांचा क्रम मात्र टाळू नका. डी, सी, बी, ए आणि प्रो अशा पायऱ्या आहेत आणि पापशून यांनीही युरोपीय महासंघाचा (युएफा) प्रो परवाना रीतसर मिळवला आहे.

डिचोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. डी परवाना माझ्याकडे आहे, सी साठी अर्ज करीन. म्हापसेकर, आपण काळाविषयी लिहिले ते मला सर्वाधिक पटले. क्लबकडे पैसा नाही, हे मला ठाऊक आहे, मात्र निदान दोन हंगाम मध्ये ढवळाढवळ होणार नाही, अशी अट आधी घालणे शोभेल का? ज्येष्ठांसमोर असे बोलणे उद्धटपणाचे वाटेल, ही धास्ती आहे.

म्हापसेकर

अवश्य घाला, आणि ती तोंडी न ठेवता बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. ज्या सभासदांनी शंका काढली, त्यांच्याकडे आधी एकदा घरी जाऊन या. त्यांना रचना समजावून सांगा, सरावाला यायचे आमंत्रण द्या. जुन्या माणसांना विचारात घेतले नाही याचेच अधिक वाईट वाटते, विरोध पुष्कळदा तेवढ्यापुरताच असतो. आणि पहिल्या हंगामात बढतीचे वचन मुळीच देऊ नका. वर मडगावच्या मित्राने लिहिलेच आहे की खुद्द पापशून यांनाही दुसऱ्या श्रेणीतून वर जायला दोन हंगाम लागले, आणि तेही असा मालक पाठीशी असताना.

फोंड्याचा माजी पंच

पावसाळ्यात मैदानात चिखल असेल तेव्हा सराव बंद ठेवू नका. शाळेचे सभागृह मिळाले तर मुलांना फळ्यासमोर बसवून जागा कशा धरायच्या ते शिकवा. बाजूच्या दोन खेळाडूंची निवड सर्वांत आधी करा आणि ती करताना चेंडूवरची हुकमत पाहण्याआधी दम पाहा. सराव सामन्यांची तारीख ठरली की इथे कळवा, फोंड्याहून शिट्टी घेऊन मी येईन.