गांजाच्या केसमध्ये टेम्पोचालकाला जामीन का मिळत नाही?

फुरसुंगीची_वहिनी

नमस्कार. माझे दीर भाड्याचा टेम्पो चालवतात. गाडी मालकाची, भाऊजी नुसते चालक. सोलापूर रस्त्यावर नाकाबंदीत गाडी अडवली आणि कांद्याखाली दोन गोण्यांत गांजा निघाला. पंचनाम्यात २१ किलो ४०० ग्रॅम लिहिलंय. भाऊजी म्हणतात, माल पार्टीच्या माणसांनी भरला, तेव्हा मी चहा प्यायला गेलो होतो. ते आता येरवड्यात आहेत. शिवाजीनगर कोर्टाने जामीन अर्ज फेटाळला, ऑर्डरमध्ये कलम ३७ असं लिहिलंय. आमच्या गल्लीतल्या मुलाने एकाच्या डोक्यात रॉड घातला, तरी त्याला जामीन झाला. मग आमच्याच माणसाला का नाही? एक जण म्हणतो, लगेच मुंबईला हायकोर्टात जा. दुसरा म्हणतो, सहा महिने थांबा, चार्जशीट आली नाही तर आपोआप सुटतील. धाकट्या जाऊबाईंचं बाळ अजून अंगावर पितंय. कोर्ट नेमकं काय बघतं ते कुणीतरी नीट सांगा.

धानोरीकर

वहिनी, तुमच्यावर राग नाही. पण माझा भाचा एमडी या नशेच्या पावडरीच्या नादाला लागला आणि बहिणीच्या घराची जी धूळधाण झाली ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. तिने स्वतःचं मंगळसूत्र विकून त्याला व्यसनमुक्तीला ठेवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या एमआयडीसीत शेकडो किलो एमडी सापडलं, ते कुणाच्या पोरांसाठी होतं? जामीन सोपा झाला तर हे लोक परत त्याच धंद्यात. कायदा कडक आहे तो बरा आहे. तुमचे दीर निर्दोष असतील तर सुटतील.

अॅडव्होकेट_शिवाजीनगर

वहिनी, धानोरीकरांनी लिहिलंय तीच भीती कलम ३७ च्या मुळाशी आहे, त्यामुळे तिला कमी लेखू नका. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, हे कलम १९८९ मध्ये कडक केलं.

मारामारीच्या केसमध्ये कोर्ट मुख्यतः बघतं की माणूस पळून जाईल का आणि साक्षीदारांना दमदाटी करेल का. इथे त्याच्यावर आणखी अटी आहेत. सरकारी वकिलांना विरोध करायची संधी द्यावीच लागते, आणि त्यांनी विरोध केला तर न्यायाधीशांची दोन गोष्टींबद्दल खात्री पटावी लागते: आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, आणि बाहेर आल्यावर तो असा गुन्हा करणार नाही. खटला सुरू व्हायच्या आधीच हे दाखवायचं असतं. म्हणून रॉडवाला घरी आणि टेम्पोवाला आत.

पण हे कलम प्रत्येक केसला लागत नाही. मुख्य प्रश्न वजनाचा आहे. 'व्यावसायिक प्रमाण' ओलांडलं की ते लागू होतं. गांजासाठी २० किलोच्या वर, चरस १ किलो, हेरॉईन २५० ग्रॅम, एमडी म्हणजे मेफेड्रोन फक्त ५० ग्रॅम. त्या आत असाल तर कलम ३७ च्या अटी नाहीत. २० किलोच्या वर शिक्षाही किमान १० वर्षं.

तुमचं वजन काठावर आहे, म्हणून पंचनामा शब्द न् शब्द वाचा. २१ किलो ४०० ग्रॅम हे गोणीसकट आहे की निव्वळ? आणि वजन कशाचं केलं? कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे. सोबत शेंडे नसतील तर पानं आणि बिया त्यात येत नाहीत. बऱ्याच पंचनाम्यांत पानं, काड्या, बिया, फुलोरा सगळं एका गोणीत भरून एकदाच काट्यावर ठेवलेलं असतं. सरकारी वकील २०२० चा हिरा सिंग निकाल दाखवतील, की मिश्रणाचं सगळं वजन धरायचं. तो निकाल अमली पदार्थात दुसरं काही मिसळलेल्या मालाबद्दल आहे. झाडाच्या काड्यांचा मुद्दा वेगळा आहे, हे तुमच्या वकिलांनी ठासून मांडायला हवं.

'माहीत नव्हतं' हा बचाव नुसता तोंडी टिकत नाही. गाडीत माल सापडला की माहिती होती असं कायदा गृहीत धरतो, खोडून काढायचं काम आरोपीचं. म्हणून कागद जमवा: भाडं कुणी ठरवलं त्याचे फोन, बिल्टी, कांद्याची पावती, मालकाचा जबाब, आधीच्या फेऱ्यांच्या नोंदी. भाऊजींवर आधी एकही गुन्हा नसेल तर दुसऱ्या अटीसाठी तेही लिहा. एक स्पष्ट सांगतो: गाडीत एकटा चालक असला की हा मुद्दा जड जातो. खोटी आशा मी देणार नाही.

कलम ५० वर विसंबू नका. ते अंगझडतीपुरतं आहे, टेम्पोतल्या गोणीला लागत नाही. नमुने मॅजिस्ट्रेटसमोर घेतले नाहीत एवढ्यावर भागत नाही, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये काशिफच्या केसमध्ये तसं म्हटलंय.

सहा महिन्यांचं ऐकलंत ते अर्धं खरं. व्यावसायिक प्रमाणात चार्जशीटला १८० दिवस असतात. त्यानंतर 'आपोआप' काही होत नाही. जामिनाचा अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करायच्या आधी चार्जशीट आली की तो हक्क गेला. सरकारी वकील मुदतीच्या आत कारणं देऊन ती एक वर्षापर्यंत वाढवूनही घेऊ शकतात. म्हणून १८१ व्या दिवशी सकाळी कोर्ट उघडताच अर्ज हातात तयार हवा.

हायकोर्टातही कलम ३७ तसंच लागू असतं, मुंबईला गेल्याने अटी सैल होत नाहीत. माझ्या मते सी.ए. रिपोर्ट (मालाच्या रासायनिक तपासणीचा अहवाल) आणि चार्जशीट हाती आल्याशिवाय तिथे जाऊ नका. वर्षानुवर्षं खटला हललाच नाही तर मात्र चित्र बदलतं. २०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिम आणि रबी प्रकाश या दोन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने लांबलेल्या कोठडीमुळे जामीन दिला, दुसऱ्या केसमध्ये साडेतीन वर्षांहून जास्त आत होता. पण २०२२ चा मोहित अग्रवाल निकाल म्हणतो की कोठडीचा काळ हे एकटं कारण पुरत नाही. त्यामुळे यावर आजच भिस्त ठेवू नका.

फुरसुंगीची_वहिनी

दादा, वकिलांकडून पंचनाम्याची झेरॉक्स आणली. त्यात "गोणीसह" असंच लिहिलंय, आणि पुढे "हिरवट तपकिरी ओलसर पाने, काड्या, बिया व फुलोरा असलेला उग्र वासाचा पदार्थ". गोणीचं वजन वेगळं लिहिलेलं नाही. याचा काही उपयोग आहे का? वकिलांची पुढची फी द्यायला आता पैसे नाहीत.

अॅडव्होकेट_शिवाजीनगर

उपयोग आहे. माल ओला, गोण्या धरून तोललेला, आणि काड्या त्यातच. २० किलोच्या वर उरतं जेमतेम १ किलो ४००. आता मॅजिस्ट्रेटसमोर झालेल्या इन्व्हेंटरीची, म्हणजे जप्त मालाच्या यादीची नक्कल काढा, त्यात वजन वेगळं आलंय का ते बघा. दोन आकड्यांत फरक निघाला तर शिवाजीनगरलाच नव्याने अर्ज करता येईल, पण निव्वळ वजनाचा मुद्दा पहिल्या अर्जात मांडला होता का ते आधी त्या ऑर्डरमध्ये तपासा.

फीची काळजी आहे तर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. भाऊजींनी तुरुंगातूनच अर्ज दिला तरी चालतो, पुढच्या मुलाकातीत त्यांना सांगा. आणि अटकेनंतर पहिल्यांदा कोर्टाने कोठडी दिली ती तारीख घरात भिंतीवर लिहून ठेवा, १८० दिवस तिथून मोजतात.

धानोरीकर

वहिनी, मी शिवाजीनगर कोर्टाजवळच कामाला आहे. नकलेचा अर्ज द्यायला कुणी सोबत हवं असेल तर मेसेज करा, मी येतो.