व्यसनमुक्ती समुपदेशक व्हायचंय, कुठून सुरुवात करू?

पारोळ्याची लेक:
यंदा मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले. आमच्या गल्लीतली दोन घरं दारूपायी बसलेली पाहिलीत, म्हणून हेच काम करायचं मनाशी पक्कं आहे. घरचे म्हणतात, बी.एड. कर. एका केंद्रवाल्यांनी सांगितलं, "शिक्षणाचं काही नाही, उद्यापासून या, बघून बघून शिकाल." जाऊ का? की समाजकार्यातलं एम.एस.डब्ल्यू. करू? जळगावच्या पलीकडे राहून शिकणं परवडणार नाही. घरी सगळी अहिराणी, प्रमाण मराठी बोलताना मी अडखळते. त्याने अडेल का?

अमळनेरकर:
जळगावात समाजकार्याचं महाविद्यालय आहे, एम.एस.डब्ल्यू. दोन वर्षांचं. एम.ए. केलंस तरी समुपदेशनात येता येतं. मात्र क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचं वेगळं शिक्षण लागतं.

धुळ्याची ताई:
बाई, मी याच कामात आहे. एम.एस.डब्ल्यू. कर आणि फील्डवर्कसाठी व्यसनमुक्ती केंद्रच मागून घे. नंतर पुण्याच्या मुक्तांगणमध्ये प्रशिक्षण घे. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं ते केंद्र इतर संस्थांच्या कार्यकर्त्यांनाही शिकवतं.

"उद्यापासून या" म्हणणाऱ्यांकडे जाऊ नकोस. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे. त्याखाली केंद्राची नोंदणी आहे का आणि तिथे डॉक्टर येतो का, दोन्ही आधी विचार. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री माणूस चादरीवरचे नसलेले किडे वेचायला लागतो, घामाने भिजतो, बायकोला ओळखत नाही. तिथे समजूत घालत बसायचं नसतं, डॉक्टरला उठवायचं असतं. हे न शिकलेल्या माणसाच्या हाती पेशंट देणं म्हणजे जिवाशी खेळ. घरचे चोरून चहातून दारू सोडवायचं औषध देतात, तेही असंच. त्यातलं डायसल्फिराम पोटात असताना माणूस प्यायला तर जिवावर बेतू शकतं. हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगावं लागतं.

अहिराणीने अडत तर नाहीच, उलट तिच्यामुळेच माणूस बोलता होतो. साहेबी मराठीत विचारलं की "पीत नाही" एवढंच उत्तर येतं. "कवयपासून पेस, भो?" (कधीपासून पितोस, भाऊ?) म्हटलं की हळूहळू सगळं बाहेर येतं, आणि मागून "मन्हा पोऱ्याले सांगू नका".

आणखी एक, पुस्तकात नसलेलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे पत्त्यांचे डाव बसतात, त्यात बाटली येतेच. सहा महिने कोरडा राहिलेला माणूस तिथे घसरतो. म्हणून मी चैत्रातच नवरा-बायकोला एकत्र बसवते: आखाजीला कुठे जायचं, डावाला कोणी हाक मारली तर काय म्हणायचं, पैसे कोणाकडे ठेवायचे. हे सगळं त्याच्याकडून वदवून घेते, मी सांगत नाही.

पारोळ्याची लेक:
ताई, वडिलांना वाचून दाखवलं. एम.एस.डब्ल्यू.चा फॉर्म भरते. तोवर एखाद्या चांगल्या केंद्रात नुसतं बसायला मिळेल?

धुळ्याची ताई:
लेखी अर्ज देऊन विचार. गटसभेला बसवायचं की नाही हे पेशंटच्या परवानगीवर असतं. आणि पारोळ्याचं कोणी तिथे दिसलं, तर घरी आईजवळसुद्धा नाव काढायचं नाही.