गोळीची वेळ चुकतेय

पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी रोज रात्री जेवणानंतर घेऊनही जळजळ थांबत नसेल, तर गोळी बदलण्याआधी वेळ बदला. ही गोळी जठरातले आम्ल सोडणारे पंप बंद करते, पण त्या वेळी चालू असलेलेच, आणि ते जोरात चालू होतात खायला लागल्यावर. म्हणून नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या, चहा-बिस्किटं नंतर. चावून किंवा मोडून तर मुळीच नको, वरचं आवरण फुटलं की औषध जठरातल्या आम्लातच वाया जातं. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात.

महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एकदम सोडली तर काही दिवस आम्ल उलट जास्त सुटतं, तेव्हा डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. घास अडकत असेल किंवा शौचाला डांबरासारखं काळं होत असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.