प्रति: बंद कॅफेतलं दोन ग्रुपचं (कॉफी निघणारी दोन तोंडं असलेलं) एस्प्रेसो मशीन घ्यावं का?

मालक म्हणतोय ‘नुसतं डिस्केल करा (आतला क्षार काढा), पळतंय’. विकणारा तसं म्हणणारच! वरच्या एका उत्तरात गॅस्केट (रबरी सील) बदलायचा सल्ला आलाय, तो बरोबर, पण ते किरकोळ काम. आधी बॉयलर, म्हणजे पाणी तापवायची टाकी, बघा. प्लग काढून, हीटिंग एलिमेंट सोडवून आत बॅटरी मारा. क्षाराचा पांढरा थर सायट्रिक अ‍ॅसिडनं निघतो. जोडांपाशी हिरवट डाग दिसले तर गळती आहे समजा. सेफ्टी व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) नवाच घाला, तिथं काटकसर नको. चालू केल्यावर बॉयलरचा काटा १ ते १.३ बारच्या आसपास थांबावा, शॉट (एक एस्प्रेसो) काढताना पंपाचा काटा ९ बारवर. ग्रुप ई६१ या प्रकारचा असेल तर बिनधास्त घ्या, १९६१ची रचना, सुटे भाग अजून मिळतात. एखादं फिटिंग नाहीच मिळालं तर नमुना घेऊन उद्यमनगरातलं एखादं वर्कशॉप गाठा, लेथवर करून देतील. आणि बोअरचं पाणी असेल तर सॉफ्टनर (पाण्यातला क्षार कमी करणारं यंत्र) पहिला.